एका काटकीवर दोन

सगळी बस रिकामी होती आणि तो माणूस नेमका त्याच्या शेजारी येऊन बसला. पुढे जागा होती, मागे जागा होती, पलीकडची अख्खी रांग मोकळी होती. डेपोतून सुटणारी सकाळची ही पहिली बस तो मुद्दाम धरायचा, ती या रिकामेपणासाठीच. कचेरीचा शिपाई यायच्या आधी पोहोचून बंद दारापाशी ताटकळावं लागलं तरी चालेल, पण अंगाला अंग घासत जाणं नको. लोक त्याला माणूसघाणा म्हणत आणि एकटा जीव सदाशिव म्हणून सोडूनही देत. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. आजचा हा शेजारी रंगारी होता. हातात चुन्याने पांढरी पडलेली बादली, बादलीत उभे ठेवलेले लहानमोठे ब्रश. चढल्यावर त्याने सगळ्या सीटांवरून भाजी निवडावी तशी सावकाश नजर फिरवली आणि मग सरळ येऊन याच्या मांडीला मांडी लावून बसला. "सकाळचं गार असतं हो," एवढंच बोलला, बादली पायांत धरली आणि डोळे मिटले. तो खिडकीकडे सरकला. खिडकी काही सरकली नाही. उठून दुसरीकडे बसावं, तर या भल्या माणसाला जागं करायचं, 'जरा जाऊ द्या' म्हणायचं आणि त्याच्यादेखत समोरच्या मोकळ्या सीटवर जाऊन बसायचं. म्हणजे शिवी दिल्यासारखंच. त्याने अंग चोरलं, गुडघे जवळ घेतले, पिशवी पोटाशी धरली. तरी मांडीवर ती परकी ऊब हळूहळू चढत राहिली, आणि पहिल्या वळणावर बस कलली तेव्हा रंगाऱ्याचा सगळा भार क्षणभर त्याच्यावर आला. त्याच क्षणी त्याला ढांग्याने पाठवलेला फोटो आठवला. आठवला म्हणण्यातही अर्थ नाही. कालपासून तो फोटो विसरल्याचं सोंग त्याने घेतलं होतं, ते त्या वळणावर गळून पडलं.

ढांग्या हा त्याच्या खात्याचा पाहणीवाला. वाळवंटात गाडी जाईल तिथपर्यंत गाडीने आणि पुढे लांब ढांगा टाकत पायी फिरणारा. खात्याचं काम सांगायला सोपं होतं: टोळधाड येण्याआधी ती येणार म्हणून सांगायचं, आणि सांगितलं की ती येऊ द्यायची नाही. फोटोत एक काटेरी झुडूप होतं आणि झुडपाच्या शेंड्याला, एकाच काटकीवर, टोळाची दोन पिल्लं. पंख न फुटलेली. "दोनच आहेत साहेब," ढांग्या फोनवर म्हणाला होता. "बाकी सगळा भाग पालथा घातला. इथे एक, तिथे एक, नेहमीसारखीच. ही दोन ऊन खात असतील, सकाळचं गार होतं. मला तर काही विशेष वाटलं नाही. पण तुम्हाला दिसेल त्याचा फोटो लागतो ना, म्हणून टाकला." तो "बरं" म्हणाला आणि फोटो बंद करून टाकला. दोन पिल्लं म्हणजे काय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण डोळ्यांनी पाहायचं ते पाहून घेतलं होतं. सगळं झुडूप रिकामं होतं. टोळ हा मुळात एकलकोंडा जीव. वर्षानुवर्षं तो मातकट रंगात आपला आपला राहतो, दुसरा टोळ दिसला तर लांब उडी मारतो. वाळूत पाऊस पडतो, हिरवळ येते, अंडी फुटतात, तेव्हाही प्रत्येक जण आपापलं झुडूप धरून असतो. मग हिरवळ वाळायला लागते. झुडपं थोडी आणि तोंडं फार होतात, नाइलाजाने अंगाला अंग लागतं, आणि त्या लागण्यानेच काहीतरी बिघडतं. रंग पिवळा-काळा होतो, चाल बदलते, आणि जो लांब पळत होता तोच जवळ जाऊन बसू लागतो. जवळ बसणाऱ्यांच्या झुंडी होतात, झुंडींना पंख फुटतात, आणि मग कोणाच्या बापाचं काही चालत नाही. करायचं ते त्याआधी, झुंड लहान असताना, एखाद्या नाल्याच्या काठाएवढ्या जागेत फवारून. म्हणून तो मोजायचा ते टोळ नव्हे, टोळांमधलं अंतर. ढीगभर असले पण लांब लांब असले, तर त्याला शांत झोप लागे. आणि दोनच असले, पण सगळं झुडूप मोकळं असताना पायाला पाय लावून बसले असले, तर? तर या सुतावरून स्वर्ग गाठायचा, की सूत झटकून टाकायचं?

रंगाऱ्याच्या बादलीतला सगळ्यात बारीक ब्रश बसच्या हादऱ्यांनी थरथरत होता. शिकत असताना प्राध्यापकांनी त्याच्या हातात ब्रश दिला होता तो याहूनही बारीक, चित्रकाराचा. काचेच्या डबीत एकटं वाढवलेलं एक हिरवट पिल्लू होतं, ज्याने जन्मात दुसरा टोळ पाहिला नव्हता. "याच्या मागच्या मांडीवरून फिरवत राहा," प्राध्यापक म्हणाले. "थांबायचं नाही." दुपारभर तो ब्रश फिरवत राहिला. पिल्लू आधी लाथा मारत होतं, मग सरकून बघत होतं, मग त्याने नुसतं सहन करायला सुरुवात केली. शेवटी त्याला एका लांबट पेटीत सोडलं. पेटीच्या एका टोकाला जाळीमागे टोळांची दाटी, दुसरं टोक मोकळं. पिल्लू थोडा वेळ जागच्या जागी डुललं, आणि मग चालत चालत दाटीकडे गेलं आणि जाळीला चिकटून बसलं. प्राध्यापकांनी टाळी वाजवली. आपण याचं काहीतरी काढून घेतलं असं त्याला मात्र वाटलं, आणि ते काय, हे इतक्या वर्षांत त्याला धड सांगता आलं नाही. आपल्या मांडीवरून वेळेवर कोणी ब्रश फिरवला नाही म्हणून आपण असे राहिलो की काय, असा एक चावट विचार पुढे कधीतरी त्याला सुचला होता, आणि त्यावर तो एकटाच हसला होता. तो विनोद सांगावा असं शेजारी कोणी नव्हतं.

कोणी कधी शेजारी नव्हतंच असंही नाही. लहानपणी तो आणि ताई एका पलंगावर झोपत, एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे, आणि ताईचे गार पाय त्याच्या बरगड्यांत. आयुष्यात एकदाच त्याने टोळधाड अनुभवली ती त्या पलंगाखाली. भर दुपारी अंधारून आलं. आई आणि बाबा खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत होते. ताईने त्याला ओढून पलंगाखाली नेलं आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर घट्ट दाबून धरले. 'ऐकू नकोस' म्हणाली असावी. ओठ हलले तेवढे दिसले. पुढे सभांमधून, परिषदांमधून तो त्या आवाजाबद्दल पुष्कळ बोलला. कढईत काही तळल्यासारखा, वाळल्या पानांवर पाऊस पडल्यासारखा, असं लोकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पण त्याने स्वतः ऐकली होती ती फक्त ताईच्या तळव्यांमधली घूं घूं. खरा आवाज तिने एकटीने ऐकला. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेला तिचा नवा हिरवा झगा चाळण होऊन लोंबत होता. तिने तो टाकला नाही. आत दुसरा झगा घालून वरून तोच वापरत राहिली, आणि कोणी हसलं की म्हणायची, "टोळांनासुद्धा आवडला, बघा."

अशी ताई. दाजी गेल्यावर तिने मधमाश्यांच्या पेट्या धरल्या. वाळू संपते आणि काटेरी झाडं सुरू होतात त्या पट्ट्यात, थोड्याशा पावसावर भरभरून फुलणाऱ्या झाडांच्या भरवशावर. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात माणूस म्हणून माश्याच. फोनवर बोलता बोलता मध्येच "थांब रे, यांना पाणी ठेवून येते" म्हणायची, पाहुणे आल्यासारखी. तीन वर्षांपूर्वी तिच्याच भागात खुणा दिसल्या होत्या, आजच्यापेक्षा ठळक, आणि त्याने नकाशावरचा तो तुकडा हिरव्याचा पिवळा केला होता. हिरवा म्हणजे निवांत. पिवळा म्हणजे सावध, आणि फवारणीच्या गाड्या निघणार. निघाल्या, फवारलं, आणि टोळ आले नाहीत. फवारलं म्हणून आले नाहीत, की मुळात येणारच नव्हते, हे सांगणारा जगात कोणी नाही. लांडगा आला रे आला म्हणून वर्तमानपत्रांनी टिंगल केली, वरच्या सभेत कोणी कोणी तोंडावर हसले. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. पण फवारणीनंतर तो ताईकडे गेला तेव्हा ती पेट्यांपुढचं अंगण झाडत होती. मेलेल्या माश्यांचा ढीग फार हलका असतो. खराटा लागायच्या आधीच तो पुढे सरकत होता आणि त्यातल्या काही अजून वळवळत होत्या. "तुझं काम तू केलंस," ताई म्हणाली. "चहा टाकू?" त्याने चहा घेतला. त्यानंतर फोन कमी झाले. भांडण नाही, अबोला नाही, नुसतं अंतर. तिने कुठून कुठून माश्या आणून पेट्या पुन्हा भरल्या हे त्याला गेल्या वर्षी भाचीकडून कळलं. आणि ढांग्याचं ते झुडूप ताईच्याच पट्ट्यात होतं. तिच्या घरापासून नाला जवळ, आणि नाल्याच्या काठाला ते झुडूप.

"येतो हो," रंगारी जागा होऊन म्हणाला, जसं काही दोघं चार दिवस एका घरात राहिले होते, आणि बादली सांभाळत उतरून गेला. मांडीला एकदम गार लागलं. ते त्याला आवडलं नाही, आणि आवडलं नाही याचंच नवल वाटलं.

शिपायाने कचेरी उघडली आणि पाठोपाठ वारेबाई येऊन बसल्या. नाव वेगळं होतं, पण वारा आणि पाऊस बघायचं काम त्यांचं, म्हणून सगळ्यांच्या त्या वारेबाई. त्याने पिशवीही खाली न ठेवता विचारलं, "बाई, त्या पट्ट्यात हिरवळ किती राहिलीय?" "आटतेय," त्या म्हणाल्या. "नाल्याकाठी काय असेल तेवढीच. पाऊस आता नाही. वारा पडलेला आहे, पण उठेल, आणि उठला की इकडेच, शेतांवरून शहराकडे. का हो?" त्याने फोटो दाखवला. बाईंनी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. "दोनच तर आहेत," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "जवळ बसलीत." आणि आपली खुर्ची त्यांनी नकळत थोडी मागे घेतली. त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. एका पिल्लाच्या कुशीवर काळा डाग होता, किंवा ती काट्याची सावली होती. जितका मोठा करावा तितका फोटो फुटत गेला आणि शेवटी पडद्यावर नुसते चौकोन उरले. आपल्याला तो डाग असायला हवा आहे की नको आहे, हे तो स्वतःला विचारत राहिला, आणि उत्तर दर वेळी वेगळं आलं. डाग मानला तर ताईच्या माश्या. सावली मानली आणि चूक झाली तर उद्या, परवा, वारा उठल्यावर, सगळ्यांची शेतं, आणि कुठल्यातरी घरात पलंगाखाली कोणीतरी कोणाचेतरी कान झाकणार.

मोठे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खात्री आहे?" "नाही," तो म्हणाला. "मग थांबू या ना थोडं. खात्री झाली की करा पिवळा." "खात्री होईल तेव्हा पंख फुटलेले असतील, साहेब." साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मागच्यासारखं झालं तर या खात्याला टाळं लागेल. आणि तुम्ही गप्प बसलात नि ते आले, तर तुम्हाला आणि मला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." ते हसले. "तुम्हीच ठरवा. मी तुमच्या मागे आहे." मागे म्हणजे नेमके किती अंतरावर, हे त्याने विचारलं नाही.

ठरवायचं फार थोडं उरलं होतं, आणि ते ठरवायच्या आधी तो जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जाऊन उभा राहिला. पिवळा केला की त्या रात्री त्या भागातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी सूचना जायची: उद्या फवारणी, गुरं आत घ्या, माश्या घरी आहेत तोवर पेट्या बंद करा. मागच्या खेपेला ती ताईला उशिरा मिळाली होती. सूचनेआधी कोणाला कळवायचं नाही, घरच्यांना तर नाहीच. पूर्वी कोणीतरी आपल्या सासुरवाडीला आधी सांगितलं होतं, लोक बैलगाड्या आडव्या घालून रस्त्यात बसले होते, फवारणी लांबली आणि तेवढ्यात झुंड उडाली होती. नियम त्यालाही पटलेला होता. नियम मोडायचा नाही हे त्याने ठरवलं होतं, आणि ताईला फोन करायचा हेही. "अगं बाई! छोट्या, तू?" ताई म्हणाली. "बरा आहेस ना?" पन्नाशी उलटली तरी तिच्या तोंडी तो छोट्याच. तो म्हणाला, सहज केला. "सहज? आणि तू?" ती हसली, आणि तिच्या मागे कुठेतरी माश्यांचा बारीक गुणगुणाट ऐकू आला. जिन्याच्या कठड्याचा थंडपणा त्याच्या तळव्यात शिरत होता. "पेट्या कुठे ठेवल्यास यंदा?" त्याने विचारलं. "घरामागेच की. का रे?" "नाही, नाल्याकडे... तिकडे फुलं कशी आहेत?" एवढ्यावर तिला कळायला हवं होतं. हा माणूस सकाळी फोन करत नाही, फुलांचं तर कधीच विचारत नाही. नाल्याचं नाव का काढतोय? "तिकडे अजून हिरवं आहे म्हणतात," ती म्हणाली. "वारा पडलाय सध्या," तो म्हणाला. "तू जरा लक्ष असू दे." "कशावर?" "माश्यांवर." पलीकडे ती थांबली. त्या थांबण्यात त्याला सगळं ऐकू आलं: तिला समजलं, फोनवर बोलता येत नाही हेही समजलं. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "किती दिवसांनी विचारलंस रे त्यांच्याबद्दल. बरं वाटलं मला." तो आवाज त्याने शहाणपणाचा मानला. आयुष्यभर खुणा वाचण्यात गेलं होतं. समोरच्यालाही त्या वाचता येतात असं तो धरून चालला. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं. टेबलापाशी येऊन त्याने नकाशावरचा तो तुकडा पिवळा केला.

दुसऱ्या दिवशी ढांग्याचा फोन आला. गाड्या सकाळीच पोहोचल्या होत्या, नाल्याचा काठ फवारून झाला होता. "पिल्लं होती?" त्याने विचारलं. "होती की. बऱ्यापैकी होती, झुडपाखाली गोळा झालेली," ढांग्या म्हणाला. "झुंड म्हणायची तर म्हणा. नाही तर नुसती सावलीला आलेली म्हणा. आता मेली ती, त्यांना काय विचारणार. एक घोटाळा झाला मात्र. लोकांनी सूचना मिळाल्यावर पेट्या आदल्या रात्रीच बंद केल्या होत्या, घरोघरी, कोणाचं काही गेलं नाही. पण एक बाई नाल्याकाठी पेट्या घेऊन मुक्कामालाच होती, साहेब. तिथे फोन लागत नाही. आम्ही फवारायला लागलो आणि ती हात हलवत धावत आली. गाड्या थांबवल्या आम्ही. पण उन्हं वर आलेली, माश्या सगळ्या फुलांवर गेलेल्या. रिकाम्या पेट्या झाकून काय करणार. बसली मग तिथेच. सगळे मागे आणि ही एकटीच पुढे कशी काय आली, कोण जाणे." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "साहेब, ऐकताय ना?" ढांग्याने विचारलं. तो ऐकत होता. त्याच्या कानांत घूं घूं आवाज येत होता आणि कानांवर कोणाचे तळवे नव्हते. सूचनेने सगळ्यांच्या माश्या वाचल्या होत्या. त्याने आडून आडून सावध केलं होतं फक्त तिला, आणि बुडाली ती तेवढीच. त्याने फोन केला नसता तर पेट्या घरामागे असत्या. हे त्याने मनात उलटंसुलटं करून पाहिलं, एखादा शब्द इकडचा तिकडे करून पाहिला, पण कुठूनही वाचलं तरी ते तसंच राहिलं.

मग वारा उठला. शेतांवरून, शहराकडे, वारेबाई म्हणाल्या होत्या तसाच. तो कचेरीच्या गच्चीवर जाऊन उभा राहायचा. आकाश निळं होतं आणि त्यात काही नव्हतं. खाली रस्त्यावर माणसं चालत होती, दोरीवरचे कपडे फडफडत होते, भाजीवाला पालेभाजीवर पाणी शिंपडत होता, आणि या सगळ्याकडे बघून त्याला समाधान वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. या न आलेल्या गोष्टीखाली कुठेही ताईचं नाव लिहिलेलं नव्हतं. एखादा तरी टोळ यावा, एक, भरकटलेला, काळ्या डागाचा, अशी इच्छा त्याच्या मनात आली, आणि टोळधाड थोपवणाऱ्या माणसाला टोळांची वाट बघताना पकडल्यासारखा तो दचकला. नकाशा पुन्हा हिरवा झाला. "छान झालं," मोठे साहेब म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. ताईला फोन करायला तो रोज मोबाइल उचलायचा आणि रोज त्याला वाटायचं, सहज केला असं आता कोणत्या तोंडाने म्हणायचं.

शेवटी ताईच आली. डोळे दाखवायला शहरात आली होती, भाचीने कळवलं, म्हणून तो तिला गाठायला बसस्थानकावर गेला. ती लांबच्या गाड्यांच्या फलाटावर एका लांबलचक बाकावर बसली होती. बाकी बाक मोकळा. तो जवळ आला तशी तिने पिशवी खाली ठेवली आणि आपल्या शेजारीच बाकावर थोपटलं. तो बसला. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, आणि तिच्या कपड्यांना अजून धुराचा वास होता, पेट्यांपाशी करतात त्या धुराचा. डॉक्टर काय म्हणाले, त्याने विचारलं. "मोतीबिंदू. पिकू दे म्हणाले." मग दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसली. "तू फोन केलास ना त्या दिवशी," ताई म्हणाली, "फुलांचं विचारलंस. मला वाटलं, याला मध हवाय आणि मागायला लाजतोय. किती आनंद झाला म्हणून सांगू. त्याच संध्याकाळी गाडी बघून पेट्या नाल्याकडे नेल्या. लवकर भरतील म्हटलं, छोट्याला पहिली बाटली." तो हातांकडे बघत राहिला. "एक सांग," ती म्हणाली. "ते आले असते?"

"सांगता येत नाही, ताई."

"हो म्हण ना." तिने त्याचा दंड धरला. "मी ऐकलाय तो आवाज. तू नाही ऐकलास, तुझे कान मी झाकले होते. तो आवाज परत यायचा होता आणि माझ्या माश्यांवर भागलं, असं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. हो म्हण, काय जातं तुझं?"

त्याला हो म्हणायचं होतं. हो हा शब्द तोंडात तयार होता आणि त्याच्या मागोमाग ढांग्याचा आवाज येत होता, झुंड म्हणायची तर म्हणा. "पिल्लं होती काठाला," तो म्हणाला. "पण ती झुंड होती की नुसती सावलीला..."

"पुरे," ताई म्हणाली. तिने दंड सोडला. बराच वेळ गाड्यांचे नंबर पुकारले जात होते, त्यात तिचा नंबर नव्हता. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "फोन केलास तेव्हा तुला ठाऊक होतं."

"मी सांगतच होतो, ताई. नाल्याचं विचारलं, वाऱ्याचं बोललो, लक्ष असू दे म्हणालो. मला वाटलं तुला कळलं."

"मला काय कळणार? मी काय टोळ आहे?" तिचा आवाज चढला आणि फलाटावरचा हमाल वळून बघू लागला. "भाऊ बोलतोय, एवढंच कळलं मला." ती उठली, पिशवी घेतली, आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मध्ये सगळा बाक पसरलेला. एवढ्या अंतरावर बसलेल्या कोणाकडूनही धोका नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि एवढी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गाडी लागली. इथूनच सुटणारी, म्हणून पूर्ण रिकामी. ताई चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिने पिशवी ठेवली. तो खाली उभा होता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा तो चढला. का चढला ते त्याने स्वतःला विचारलं नाही. तो तिच्या सीटपाशी जाऊन दांडी धरून उभा राहिला. "बसा ना काका," कंडक्टर मागून म्हणाला, "जागांना काय तोटा आहे? सगळी गाडी आपलीच." तो उभाच राहिला. गाडी स्थानकाबाहेर पडली, पहिलं वळण आलं, तो कलंडला आणि सावरला. ताईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण जागा झाली होती. तो बसला. तिच्या मांडीला त्याची मांडी लागली आणि त्याने अंग चोरलं नाही. कंडक्टर येऊन समोर उभा राहिला. "बोला, कुठलं देऊ?"

त्याने तोंड उघडलं. त्याला कुठे जायचं होतं ते त्याला सांगता येईना.

"त्याला शहराच्या नाक्यापर्यंतचं द्या," खिडकीबाहेर बघत ताई म्हणाली.